नदीपासून किती फूट वर? कोलाडच्या एका मुक्कामाचं प्रकरण

बुकिंग करताना मी कॅम्पवाल्याला निदान वीस प्रश्न विचारले असतील. शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यांत करता का, गाद्या जमिनीवर की पलंगावर, संडास कमोडचा आहे का, गाडी आतपर्यंत येते का, शेकोटीचे पैसे वेगळे का. त्याने सगळ्यांची नीट उत्तरं दिली आणि वर स्वतःहून सांगितलं, "सर, आपले टेंट नदीपासून फक्त तीस फुटांवर. एवढं जवळ इथं कुणाचंच नाही." मी खूश झालो. ते तीस फूट आडवे होते. उभे किती, हे विचारायचं मला सुचलं नाही. या प्रकरणातला बहुतेक घोळ त्या न विचारलेल्या प्रश्नातून निघाला.

जानेवारी 2024 ची गोष्ट. 26 तारीख शुक्रवारी आल्यामुळे तीन दिवस जोडून मिळाले होते. माणसं चौदा. पुण्याहून आम्ही आठ: आजी, आई, बाबा, आत्या, मी, बायको आणि आमची दोन मुलं. ठाण्याहून काका-काकू, चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन. आजी एक्क्याऐंशीची, दोन्ही गुडघे गेलेले. सगळ्यांत लहान माझी मुलगी, सहा वर्षांची. दोन्ही घरांना मध्ये पडेल अशी जागा म्हणून रोहा तालुक्यातलं कोलाड ठरलं. आम्ही ताम्हिणी उतरून विळ्यावरून येणार, ते वडखळ-नागोठण्यावरून. 2011 पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने त्यांचे साडेपाच तास खाल्ले. तो विषय निघाला की भाऊ अजून तासभर थांबत नाही, म्हणून इथे सोडून देतो.

ठरलं होतं ते असं. म्हाताऱ्या माणसांसाठी दोन कॉटेज, सहा जणांचे माणशी 2,500 रुपये. उरलेल्या चार मोठ्यांना तंबूत माणशी 1,800 आणि चार मुलांना 900. सगळं मिळून 25,800. निम्मे आगाऊ भरले. पाच जणांचं राफ्टिंग वेगळं, 7,000. जोडसुट्टीचा दर होता. आठवडाभर आधी गेलो असतो तर बरंच कमी पडलं असतं, पण चौदा जणांच्या सुट्ट्या एका दिवशी जमवणं म्हणजे मुहूर्त काढण्यापेक्षा अवघड.

आता नदीबद्दल सांगायला हवं, कारण कुंडलिका ही साधी नदी नाही. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीपर्यंत खडकांत डबकी होऊन बसतात. कुंडलिकेत मात्र मे महिन्यातही राफ्ट चालतात. त्याचं कारण, तिच्यातलं ते पाणी मुळात तिचं नाहीच. मुळा नदी सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला, पुण्याकडे वाहते. तिच्यावर टाटांनी मुळशीला धरण बांधलं. त्याच धरणाविरुद्ध 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांना त्यात तुरुंगवास घडला. सत्याग्रह हरला, धरण झालं. 1927 पासून मुळेचं पाणी घाटमाथ्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली, पायथ्याच्या भिरा वीजकेंद्रात पडतं, टर्बाइन फिरवतं आणि पुढे कुंडलिकेच्या खोऱ्यात येतं. रवाळज्याला ते अडवून त्यावर आणखी वीज करतात आणि मग नदीत सोडतात. बंगालच्या उपसागराला जायचं पाणी रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं ते असं.

जलविद्युतचा मोठा गुण म्हणजे ती काही मिनिटांत सुरू करता येते आणि नको तेव्हा थांबवता येते. म्हणून विजेची मागणी चढते त्या वेळेला ती चालवतात. आकाशात ढग नसताना, भर जानेवारीत, कुंडलिका दिवसातून चढते आणि उतरते ती यामुळे. राफ्टिंगवाल्यांचं सगळं वेळापत्रक या सोडलेल्या पाण्यावर बांधलेलं असतं आणि ते त्यांना तोंडपाठ असतं. काठावर तंबू लावणाऱ्या प्रत्येकाला ते असतंच असं नाही. आणि तंबूत झोपणाऱ्याला तर नसतंच.

दुपारी दोनला पोचलो तेव्हा नदी खाली होती. मोठे काळे दगड उघडे पडलेले, मधून हिरवट पाण्याची एक धार, पलीकडे करंजांची रांग. मुलं गाडीचं दार उघडायच्या आत पळाली. कॅम्प तीन टप्प्यांचा होता. वर गाडीतळ आणि कॉटेज, मध्ये बॅडमिंटनसाठी जाळी लावलेली सपाट जागा आणि तिच्या कडेला संडास-बाथरूम, खाली नदीलगत वाळू-गोट्यांचा पट्टा आणि जेवणाची शेड. वरून खालपर्यंत चौसष्ट पायऱ्या, एक आठ इंचांची तर दुसरी अकरा इंचांची अशा उंचीच्या, बाजूला कठडा नाही.

पहिला धक्का कॉटेजचा. दोनपैकी एकच मिळालं. दुसऱ्यात आधीच कुणीतरी राहत होतं. मालक म्हणाला, "गर्दी आहे हो साहेब, समजून घ्या. पण तुम्हाला वॉटरफ्रंट टेंट दिलेत, अपग्रेड समजा." म्हणजे बाबा, काका आणि काकूही तंबूत. तंबू खालच्या पट्ट्यावर, पाण्याकडे तोंड करून, रांगेत पाच. फोटोत फार सुंदर दिसतात. मी फोटो काढलाही.

काका पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. ते चहा न घेता आधी नदीवर गेले. मला वाटलं, पाय भिजवायला गेले असतील. परत आले ते हातात पाण्याची अर्धी भरलेली बाटली घेऊन. मला म्हणाले, "इकडे ये. तंबू किती वर आहेत ते बघू."

त्यांनी केलं ते मी तेव्हापासून तीन-चार ठिकाणी करून पाहिलंय, म्हणून सविस्तर सांगतो. ते पाण्याच्या अगदी कडेला उभे राहिले. बाटली डोळ्यासमोर आडवी धरली, आतल्या पाण्याची रेघ बुडापासून झाकणापर्यंत सरळ दिसेल अशी. ती रेघ समोरच्या चढावर जिथे टेकत होती, तिथे मला उभं केलं. त्यांच्या डोळ्याची उंची जमिनीपासून पाच फूट, म्हणजे मी उभा होतो ती जागा पाण्याच्या पाच फूट वर. मी पहिल्या तंबूच्या दारापलीकडे उभा होतो. मागे सरकून दोरीच्या खुंटीशी आलो तर साडेचार. नंतर ते माझ्या जागी आले, मला आणखी वर पाठवलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आम्ही बॅडमिंटनच्या जाळीशी पोचलो. पंधरा फूट.

"आता हे बघ," म्हणत त्यांनी वाटेतलं एक करंजाचं झाड दाखवलं. त्याच्या फांद्यांत वाळलेलं गवत, गुटख्याच्या पुड्या, फाटलेल्या गोणीचा तुकडा, सगळं एका रेघेत अडकलेलं. मी रोज कुठे ना कुठे अशी झाडं बघतो आणि कचरा म्हणून नजर फिरवतो. काकांच्या दृष्टीने ती पावसाळ्याने भिंतीवर ओढलेली खूण. गेल्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. ती रेघ नदीपासून अकरा-बारा फूट वर होती. तंबू साडेचारवर.

शेडमध्ये वाढपाचं काम करणारा एक स्थानिक मुलगा राफ्टवरही जातो असं कळलं. काकांनी त्याला हळूच विचारलं, "पाणी कधी येतं रे?"

"सकाळच्याला येतं, आठाच्या आसपास. कधी रात्रीपन येतं."

"किती चढतं?"

त्याने गुडघा दाखवला, मग थोडा विचार करून मांडी दाखवली.

मालकाशी बोलणं अर्धा तास चाललं आणि ते काही गोड नव्हतं. त्याचं म्हणणं, चार वर्षं तंबू इथेच लागतात, आजवर कुणाच्या चपलासुद्धा ओल्या झाल्या नाहीत. वरची जागा गेम्ससाठी आहे, बाकीचे पाहुणे तक्रार करतील. मी पूररेषेचा विषय काढला. महाराष्ट्रात नदीकाठाला दोन रेषा मानतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई असते. तो हसून म्हणाला, "साहेब, हे काय बांधकाम आहे का? कापडाचे तंबू आहेत, अर्ध्या तासात गुंडाळतो." काका शांतपणे म्हणाले, "मग गुंडाळा ना अर्ध्या तासात." यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पाच वाजता त्याची दोन पोरं आणि आमचे आम्ही मिळून पाचही तंबू जाळीशेजारी नेले. भाऊ मनातून नाराज होता. त्याने नदीकडे तोंड असलेल्या जागेचे पैसे मोजले होते आणि आता तंबूच्या दारातून संडासाची टाकी दिसत होती. त्याचं चुकत नव्हतं.

तंबूची एक जादा बांबूकाठी उरली. काकांनी तिला फूटफूट अंतरावर माझ्या मुलीच्या केसांची रंगीत रबरं चढवली आणि ती पाण्याच्या कडेला दगडांत रोवली. पहिलं रबर गुलाबी, दुसरं पिवळं, तिसरं निळं, चौथं पुन्हा गुलाबी.

इथपर्यंत मी नदीच्याच विचारात होतो. आजीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिला वरचं कॉटेज मिळालं, पलंग मिळाला, कमोड मिळाला, म्हणजे तिची सोय झाली असं आम्ही धरून चाललो. पण जेवणाची शेड खाली, शेकोटी खाली, नदी खाली आणि मधे त्या चौसष्ट पायऱ्या. ती दुपारभर कॉटेजच्या ओट्यावर बसून होती. नदी तिला झाडांमधून चमकताना दिसत होती तेवढीच. संध्याकाळी पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, लागणार असं कळल्यावर मात्र ती म्हणाली, "मला ते बघायचंय. माहेरी व्हायची." ती पेणकडची.

शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून भावाने आणि मी तिला खाली आणलं, पुढे बाबा टॉर्च धरून. खुर्चीचा एक पाय वाकत होता. पंचवीस पायऱ्यांवर एकदा थांबलो. आजी वरून सूचना देत होती, "डावीकडून घ्या, तिथं शेवाळ आहे." ते शेवाळ आम्हा दोघांना दिसलं नव्हतं.

पोपटी मात्र झकास झाली. रायगडात जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे वालाच्या शेंगांचा हंगाम. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, चुरचुरीत मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला घट्ट कोंबलेला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि गोवऱ्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने वाढप्या पोराने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले. चर्रर्र झालं. आजी म्हणाली, "झाली, काढ." शाकाहारींचं मडकं वेगळं होतं, तेवढा शब्द त्याने पाळला. पौर्णिमा आदल्या दिवशी होऊन गेलेली, त्यामुळे चंद्र उगवून झाडांवर आला तेव्हा नदीचे दगडसुद्धा मोजता आले असते.

रात्र मात्र वाईट गेली, आणि पाण्यामुळे नाही. पलीकडच्या काठावरच्या कॅम्पात डीजे होता. एक वाजेपर्यंत छाती हादरत होती. मुलगी दोनदा उठली. संडास आता चाळीस पावलांवर होता, खालच्या पट्ट्यावरून तो तेरा-चौदा पायऱ्या वर पडला असता. भावाने हे मान्य केलं नाही, पण पहाटे तोही दोनदा गेला. मी जागाच होतो आणि एक गोष्ट मनातून जाईना. त्या मुलाने "कधी रात्रीपन" म्हटलं होतं. पाणी वाढायला लागलं की नदीचा आवाज बदलतो, दगड घासल्याचा येतो, असं काकांनी सांगितलं होतं. त्या ढणढणाटात तो कुणाला ऐकू आला असता? भोंगा वाजला असता तरी लोकांना गाण्यातलाच वाटला असता.

सकाळी सहाला मी आणि काका काठीपाशी गेलो. पाणी बुडाच्या किंचित खाली होतं. थंडी बरी होती, पाण्यावर वाफ. पावणेआठला समोरचा एक चपटा दगड, ज्यावर आदल्या दिवशी मुलांनी बिस्किटं खाल्ली होती, तो दिसेनासा झाला. लाट वगैरे काही आली नाही. नुसतं भरत गेलं, बादलीत भरावं तसं. गुलाबी रबर गेलं. पिवळं गेलं. सव्वाआठच्या सुमाराला निळं रबर पाण्याशी खेळायला लागलं आणि तिथेच थांबलं. तीन फूट. आदल्या दिवशीची जागा अजून दीड फूट वर, कोरडी.

मालक आमच्यामागे येऊन उभा होता. म्हणाला, "बघा, काय सांगत होतो?"

त्या दिवसापुरतं तो बरोबर होता. तंबू खालीच असते तर एकही चप्पल भिजली नसती. काकांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "दीड फूट कुणाच्या भरवशावर ठेवलाय?" रवाळज्याहून किती सोडायचं ते मालकाच्या हातात नाही, आमच्याही नाही. आणि रात्री झोपेत कूस बदलणारी सहा वर्षांची पोर दीड फुटाच्या हिशेबात बसवणं मला आजही जमत नाही.

राफ्टिंगबद्दल फार लिहीत नाही. दोन तास छान गेले. पंधरा वर्षांचा पुतण्या पहिल्या खळाळात ओरडला आणि नंतर "मी ओरडलोच नाही" म्हणत राहिला. जॅकेटचे पट्टे गाइडने प्रत्येकाचे स्वतः ओढून बघितले, त्यावरून माणूस कामाचा आहे हे कळलं.

हिशेब करताना न मिळालेल्या कॉटेजचे तीन माणसांचे फरकाचे 2,100 मालकाने कुरकुर न करता वजा केले. तंबू हलवल्याचं मात्र शेवटपर्यंत त्याच्या मनात राहिलं. पोपटीचे 1,200 धरून एकूण 31,900 गेले. निघताना पाहिलं तर पाणी उतरू लागलं होतं आणि काठीवर पिवळं रबर पुन्हा वर आलं होतं. मुलीने रबरं मागितली, म्हणून भाऊ पँट दुमडून पाण्यात गेला.

त्यानंतर हे प्रकरण आमच्यात अनेकदा निघालं. काकू म्हणतात, काका जरा जास्तच करतात. मग त्याच वर्षी जुलैच्या 25 तारखेला ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाल्याची बातमी आली आणि काकू गप्प झाल्या. तोच घाट, त्याचंच पाणी खाली या नदीत येतं. कुंडलिकेची डोलवहाळ बंधाऱ्यावरची इशारा पातळी 23 मीटर आहे आणि धोका पातळी 23.95. दोहोंत एक मीटरही नाही. आमच्या काठीवर तीन रबरं बुडाली तेवढंच अंतर. 4 जुलै 2025 ला अमेरिकेत टेक्ससमधल्या ग्वाडलूप नदीला पहाटे पूर आला, पाऊण तासात पाणी सव्वीस फूट चढल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. काठावरच्या मुलींच्या एका शिबिरातच शिबिरार्थी आणि मार्गदर्शक मिळून सत्तावीस मुली गेल्या. तिथलं कारण पाऊस, इथलं बहुतेक दिवस वीज. झोपलेल्या माणसाला या फरकाचा काही उपयोग नाही.

पुतण्याला आता पावसाळ्यात जायचंय, मित्रांबरोबर, "नदी भरलेली असते तेव्हा मजा". त्याला काकांनी नाही म्हटलं, भावानेही म्हटलं. जून ते सप्टेंबर नदीकाठच्या मुक्कामावर आमच्या घरात चर्चा होत नाही. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांजवळ जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, पण आदेश नसला तरी आमचं उत्तर तेच.

मी स्वतः आता फोनवर पहिला प्रश्न तो विचारतो: तंबू पाण्यापासून किती वर आहे, आणि गेल्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं? बहुतेक जण लांबी सांगतात. "पन्नास फूट लांब आहे सर." मग मी विचारतो, तिथून नदीवर उतरायला पायऱ्या किती? पायऱ्यांची संख्या प्रत्येकाला पाठ असते, आणि त्यातून उंची आपोआप निघते. आजीचं उत्तरही त्यातच निघतं. दुसरा प्रश्न, पाणी कुठल्या धरणाचं आणि किती वाजता सोडतात. "कल्पना नाही" असं उत्तर आलं तर मी दुसरी जागा बघतो. तिसरा प्रश्न, साहसी पर्यटनाची नोंदणी आहे का. राज्याचं 2021 चं धोरण आहे, त्यात राफ्टिंगवाल्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. कागद मागितला की माणसाचा आवाज बदलतो की नाही, यावरून बरंच कळतं. आणि रात्री दहानंतर शेजारी काय वाजतं, हेही.

मधलं एक वर्ष लग्नकार्यात गेलं. आता येत्या डिसेंबरला पुन्हा जायचं ठरतंय, नदी तीच, जागा वेगळी. गावातल्या एका कुटुंबाचं घर आहे, चार खोल्या, ओट्यावरून नदी दिसते. घरमालकीणबाईंना पायऱ्या विचारल्या तर त्यांनी सांगायच्या ऐवजी मुलाला उतरायला लावून व्हिडिओ पाठवला. तो मोठ्याने मोजत उतरतो, बावीसला पाण्याशी पोचतो. जेवण वरच, ओट्यावर. आजीला व्हिडिओ दोनदा दाखवला. ती म्हणाली, "बावीस होतील. मधे एकदा टेकायला हवं." बाईंना तसं कळवलं. बाराव्या पायरीपाशी एक दगडी कट्टा आहे म्हणे.